टोचणारे फ्रेट: कानस उचलण्याआधी गिटारचा उन्हाळा समजून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची इलेक्ट्रिक गिटार, 1980 च्या दशकातली, जपानी बनावटीची, मेपलची नेक (गिटारची मान) आणि तिच्यावर बोटे फिरतात ती रोझवूडची पट्टी. तीसेक वर्षे ती मुंबईत होती, मागच्या दिवाळीत तुम्ही ती इंदूरला आणलीत. फेब्रुवारीपर्यंत छान वाजत होती. आता एप्रिल संपत आला तशी डावा हात खाली-वर नेला की फ्रेटची, म्हणजे पट्टीत आडव्या बसवलेल्या धातूच्या पडद्यांची, टोके करवतीसारखी लागतात, तर्जनीच्या कडेला ओरखडे उठलेत. एका दुकानात सगळे फ्रेट बदलायला सांगितले, मित्र म्हणतो पॉलिश पेपर फिरव. यातले काय करू, आणि घरी जमेल का?

घरी जमेल, आणि सगळे फ्रेट बदलायची गरज बहुतेक नाही. पण तुम्ही एक गोष्ट जाता जाता सांगून गेलात आणि माझ्या मते सगळे उत्तर तिच्यात आहे: गिटार मुंबईहून इंदूरला आली. फ्रेट आहेत तिथेच आहेत. ते वाढलेले नाहीत, सरकलेलेही नाहीत. त्यांच्याखालचे लाकूड आक्रसले आहे. मी इंदुरात 27 वर्षे वाद्ये दुरुस्त करतो आहे. हार्मोनियम आणि सतारींपासून सुरुवात केली, गेली पंधरा-सोळा वर्षे निम्म्याहून जास्त काम गिटारींचे असते. एप्रिलच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत ही तक्रार घेऊन येणारे थांबत नाहीत, आणि त्यांच्या बऱ्याच गिटारी मुंबई, गोवा, कोलकाता अशा दमट गावांहून आलेल्या असतात.

लाकूड ओलावा घेते तेव्हा फुगते, सोडते तेव्हा आक्रसते. पावसाळ्यात देव्हाऱ्याचा खण अडकतो आणि उन्हाळ्यात तोच खुळखुळतो, हे आपण घरोघरी बघतो. पण हे सगळ्या बाजूंनी सारखे होत नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, लाकूड जवळजवळ हलत नाही. रेषांना आडवे, म्हणजे रुंदीत, हलते. म्हणून तुमच्या गिटारच्या फ्रेटमधली अंतरे तशीच राहिली, सूर बिघडले नाहीत, पण पट्टी किंचित अरुंद झाली. नटपाशी, म्हणजे डोक्याकडच्या तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपाशी, ती साधारण 42 मिलीमीटर रुंद असते, शेवटच्या फ्रेटपाशी 56. ही 56 ची पट्टी अर्धा टक्का जरी आक्रसली तरी पाव मिलीमीटरहून थोडी जास्त कमी होते, म्हणजे एकेका बाजूला सुमारे 0.14 मिलीमीटर. डोळ्याला हे दिसत नाही. हाताला मात्र लगेच कळते. जिभेवर केस आला तर कसा कळतो, आणि तो तर याहूनही बारीक असतो. धातूच्या आकारावर ओलाव्याचा काही परिणाम नाही, त्यामुळे फ्रेट पूर्वीएवढाच लांब राहतो आणि लाकूड मागे सरले तेवढा बाहेर डोकावतो.

मुंबईत बारा महिने दमटपणा. इंदूर पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर. इथे एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते, कधी त्याच्याही खाली, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीच 80 च्या वर जाते. तीस वर्षे मुंबईची हवा प्यालेल्या लाकडाचा हा इंदुरातला पहिला उन्हाळा आहे. त्यात तुम्ही लिहिले आहे की गिटार दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली असते आणि समोरच्या खिडकीत कूलर आहे. कूलर चालू असताना खोली दमट, बंद केला की दोन तासांत पुन्हा कोरडी. ही रोजची चढउतार लाकडाला सलग कोरडेपणापेक्षा जास्त त्रास देते असे माझे निरीक्षण आहे, शिवाय कूलरचा झोत थेट अंगावर आला तर तारा आणि ब्रिजचे (तारा खाली जिथे टेकतात त्या घोडीचे) स्क्रू गंजतात ते वेगळेच. एसीच्या खोलीत उलट होते, एसी हवेतला ओलावा काढून घेतो.

सतार वाजवणाऱ्यांना हाच उन्हाळा वेगळ्या रूपात भेटतो. सतारीचे पडदे दांडीत ठोकलेले नसतात, वरून दोऱ्याने बांधलेले असतात. दांडी सुकली की दोरा सैल पडतो आणि पडदे घसरायला लागतात. दर मे महिन्यात मी पडदे आवळून देतो. पण तिथे कोणी पडद्यांना दोष देत नाही, सगळ्यांना ठाऊक असते की दांडी सुकली. गिटारच्या बाबतीत आपण आधी धातूवरच संशय घेतो आणि कानस शोधायला लागतो. तुमच्या पट्टीचे रोझवूड म्हणजे शिसवाचेच कुळ आहे. शिसवी पलंगाचे सांधे मेमध्ये कुरकुरतात ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारा.

आता कधी घासायचे, याचे उत्तर गिटार पुढे कशी राहणार यावर ठरते. गिटार वर्षभर ठरावीक ओलाव्यात राहणार असेल, तर आधी तिला त्या ओलाव्यात आणावे आणि मग जे टोक टोचत राहील तेवढेच घासावे. नाहीतर उन्हाळ्यात तुम्ही जास्त धातू काढून बसाल. पण गिटार रोज कार्यक्रमांना जाणारी, गाडीत पडणारी, वसतिगृहातल्या खोलीत राहणारी असेल आणि ओलावा सांभाळणे जमणार नसेल, तर ऐन मेच्या शेवटी, ती सगळ्यात सुकलेली असताना घासावे. मग पावसाळ्यात लाकूड फुगले की टोके कडेच्या किंचित आत जातात, त्याने काही बिघडत नाही, आणि पुढच्या मेमध्ये ती पुन्हा टोचत नाहीत. ऑगस्टमध्ये मात्र कोणीही घासू नये. तेव्हा फ्रेट आपोआपच गुळगुळीत लागतात, काम झाल्यासारखे वाटते आणि उन्हाळ्यात सगळे पहिल्यासारखे होते. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः हे केले आहे. एका मुलाची गिटार राखीपौर्णिमेच्या आसपास घासून दिली, पैसे घेतले, आणि पुढच्या अक्षय्य तृतीयेला तो तीच गिटार आणि ओरखडलेला हात घेऊन आला. ते काम मी पैसे न घेता पुन्हा केले आणि तेव्हापासून गिऱ्हाइकाला आधी विचारतो की गिटार कुठल्या खोलीत असते.

तुमच्यासाठी माझा सल्ला मधला आहे. गिटार भिंतीवरून उतरवा आणि हार्ड केसमध्ये ठेवा. प्लॅस्टिकच्या साबणाच्या डबीला वरून दहा-बारा भोके पाडा, आत स्पंजचा तुकडा भिजवून घट्ट पिळून ठेवा आणि डबी केसमध्ये नेकच्या डोक्याजवळच्या मोकळ्या जागेत ठेवा. डबी लाकडाला टेकता कामा नये आणि स्पंजमधून पाणी गळता कामा नये. तीन-चार दिवसांनी स्पंज पुन्हा ओला करा. केसमध्ये कोणी गंज लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या असतील तर आधी त्या काढा. मुंबईत त्या उपयोगाच्या होत्या, इथे त्याच पट्टी सुकवत आहेत.

सोबत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. स्वस्तातले चालतात, पण ते पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून एकदा तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करा, मीठ विरघळू देऊ नका. हे झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवून रात्रभर राहू द्या. ओल्या मिठावरची बंद हवा 75 टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी मापक 70 दाखवत असेल तर तो पाच कमी दाखवतो एवढे लक्षात ठेवायचे. केसमध्ये 40 ते 50 टक्के राहिले की पुरे. सॉलिड बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारला त्याहून जास्त लाड लागत नाहीत. अकूस्टिक असती तर मी जास्त आग्रह धरला असता, कारण तिथे फ्रेटनंतर वरची फळी तडकते.

दोन ते तीन आठवडे थांबा. लाकूड घाईने ओलावा घेत नाही, आणि घाई करून पट्टीवर ओले फडके फिरवणे हा उपाय नाही, त्याने वरचा पापुद्रा फुगतो आणि आतले तसेच राहते. तीन आठवड्यांनी पुन्हा हात फिरवून पाहा. माझ्याकडे आलेल्या गिटारींपैकी काहींचे काम इथेच संपले आहे. तुमची चाळीस वर्षांची आहे, तिचे काही फ्रेट तरी टोचत राहतील असे मला वाटते. तेवढ्यांसाठी पुढचे.

आधी कुठे टोचते ते शोधा. बोटाने शोधू नका, दहा मिनिटांत बोट बधिर होते आणि सगळेच सारखे लागायला लागते. औषधाच्या दुकानातला कापूस घ्या, लहानसा बोळा चिमटीत धरा आणि नेकच्या कडेवरून हलक्या हाताने नटपासून खालपर्यंत न्या. जिथे टोक धारदार आहे तिथे कापसाचे तंतू अडकून राहतात. दोन्ही कडा झाल्या की गिटार खिडकीजवळ उजेडात तिरपी धरा. पांढरे झुबके कुठे दिसतात ते पाहा आणि त्या फ्रेटच्या शेजारी कागदी टेपवर पेन्सिलने खूण करा. हे काम मला फार आवडते, कारण पाच मिनिटांपूर्वी सगळी नेकच टोचते आहे असे वाटत असते आणि इथे दिसते की त्रास खरे म्हणजे नऊ-दहा टोकांचाच आहे.

मग त्या प्रत्येक टोकाकडे भिंगातून पाहा. फ्रेटचे दोन भाग असतात. वर दिसतो तो गोल माथा, आणि खाली पट्टीच्या खाचेत ठोकलेली पातळ पात, तिला टँग म्हणतात, तिच्यावर पकड राहावी म्हणून बारीक दातरे असतात. टोचण्याची कारणे तीन असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. पातीचे टोक लाकडाच्या कडेतून बाहेर आले असेल तर ते कडेला सपाट करायचे. पात आत आहे पण माथ्याच्या टोकाचे दोन कोपरे अणकुचीदार आहेत, तर फक्त कोपरे मोडायचे. आणि तिसरे, जे लोक बघतच नाहीत: फ्रेटचे टोक वर उचललेले असते. साध्या कागदाचा कपटा टोकाच्या खाली सरकतो का बघा. सरकला तर त्या फ्रेटला कानस लावू नका. आधी तो लाकडी ठोकळ्याने हलकेच दाबून बसवा, पातळ सुपरग्लूचा एक थेंब सुईच्या टोकाने खाचेत सोडा आणि सुकेपर्यंत दाबून धरा. सैल फ्रेट घासायला गेलात तर कानस त्याला आणखी उचलते. दहाहून जास्त फ्रेट सैल असतील, किंवा माथे तारांखाली खोल खचलेले असतील, तर दुकानदाराचा सल्ला बरोबर आहे. मग टोकांवर वेळ घालवू नका, फ्रेट बदलून घ्या.

हत्यारे इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतील. दुकानात कानस म्हणण्यापेक्षा रेती म्हणा, लगेच समजेल. एक सपाट, बारीक दातांची, एकेरी चिऱ्यांची सहा किंवा आठ इंची, आणि एक लहान तिकोनी, सोनार वापरतात तशी. तिकोनी कानशीच्या तिन्ही धारा दगडावर घासून गुळगुळीत करून घ्या, म्हणजे ती फ्रेटला कापेल, पट्टीला नाही. हे एक काम चुकवलेत तर पट्टीवर चरे पडतील आणि ते जन्मभर दिसतील. शिवाय कागदी टेप, 400, 600 आणि 1000 नंबरचे वॉटर पेपर, आणि शाळेतला पांढरा खडू. खडू कानशीच्या दातांवर घासला की धातूचा कीस त्यांत अडकून बसत नाही. अडकलेला कण पुढच्या हाताला ओरखडा काढतो, म्हणून मी दर चार-पाच फ्रेटनंतर कानस ब्रशने झाडतो आणि पुन्हा खडू लावतो. तुमच्या गिटारच्या वयावरून तिचे फ्रेट जर्मन सिल्व्हरचे असणार. नाव सिल्व्हर असले तरी त्यात चांदी नसते, तांबे, जस्त आणि निकेल असते. सतारीच्या पडद्यांतही हा धातू येतो. तो साध्या कानशीला सहज ऐकतो. स्टेनलेस स्टीलचे नवे फ्रेट असते तर मी घरी करा म्हटले नसते.

तारा काढा. तुमची नेक चार स्क्रूंनी जोडलेली असेल तर ती सोडवून घेणे सगळ्यात सोपे, मांडीवर घेऊन नीट काम करता येते. परत बसवताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात टक्‌ करून बसला की मगच आवळा, नाहीतर लाकडात नवे आटे पडतात आणि भोक ढिले होते. नेक काढायची नसेल तर पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या आवाज टिपणाऱ्या चुंबकी भागावर, टेप लावा. कानशीचा पोलादी कण पिकअपच्या चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही. तोंडावर साधा मास्क ठेवा, शिसवाची आणि धातूची धूळ घशाला चांगली नाही.

जुन्या जपानी गिटारींत नेकचा लॅकर बऱ्याचदा पट्टीच्या कडेवरही चढलेला असतो. पात बाहेर आली की ती त्या थराला आतून ढकलते आणि तिथे बारीक पांढरी चीर दिसते. तशी चीर असेल तर कानस लावण्यापूर्वी नव्या ब्लेडच्या टोकाने पातीच्या भोवती लॅकर हलके कापून घ्या. असे केले नाही तर कानशीच्या पहिल्याच हाताला नखाएवढा टवका उडतो.

पहिले काम पातीचे. कडेला फ्रेटच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावा. सपाट कानस नेकच्या कडेला पूर्ण टेकवून, लांबीच्या दिशेने, पुढे नेताना कापा आणि मागे आणताना उचला. कानस पुढे जाताना कापते, मागे ओढली तर फक्त बोथट होते. ती टेपवर सरकते आहे असे वाटले की थांबा. टेपची जाडी एक दशांश मिलीमीटरच्या आसपास असते. तेवढे उरलेले मग टेप काढून, 600 चा पेपर कडक पट्टीला चिकटवून दोन-तीन हात फिरवून जाते. लाकूड घासायचे नाही. कडेचे लाकूड घासले गेले तर पट्टीची रुंदी खरोखर कमी झाली, आणि पावसाळ्यातही ती परत येणार नाही.

यानंतर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि घरी करणारे बहुतेक इथेच चुकतात. फ्रेटच्या टोकाला आधीपासून एक उतार असतो, उभ्या रेषेपासून साधारण 30 ते 35 अंशांचा. तो उतार वाढवू नका. टोचते म्हणून लोक सपाट कानस तिरपी धरून सगळ्या फ्रेटवर एकदम फिरवतात. हाताला दोन मिनिटांत मऊ लागते आणि आनंद होतो. पण उतार वाढला की माथ्याची वाजवण्याजोगी लांबी आत सरकते, आणि पहिली तार फ्रेटच्या काठावरून खाली घसरायला लागते. ही सगळ्यात बारीक तार ओढून वाजवली की ती कडेवरून सुटते आणि सूर मरतो. हे दुरुस्त होत नाही, धातू परत लावता येत नाही, मग फ्रेट बदलणे हाच इलाज उरतो. माझ्या हातून ही चूक एकदा झाली आहे, एका बासरीवादकाच्या मुलाच्या गिटारवर. बाराव्या फ्रेटच्या पुढे त्याला पहिल्या तारेवर व्हायब्रॅटो देता येईना. सात फ्रेट मी माझ्या खर्चाने बदलून दिले. त्या दिवसापासून उतार वाढवायला माझा हात उठत नाही.

म्हणून दुसरे काम फक्त कोपऱ्यांचे. प्रत्येक टोकाला दोन कोपरे, एक नटकडचा, एक ब्रिजकडचा. तुमच्या गिटारला 21 फ्रेट असतील तर 21 गुणिले 2 टोके गुणिले 2 कोपरे, म्हणजे 84. फ्रेटच्या दोन्ही बाजूंना पट्टीवर टेप लावा. तिकोनी कानस पट्टीवर टेकवा, गुळगुळीत धार खाली, आणि कोपऱ्यावरून वळवत पुढे न्या, जणू अंगठ्याने लोणी सारखे करतो आहोत. जोर नाही, वळण हवे. दिशा नेहमी फ्रेटच्या टोकाकडून लाकडाकडे दाबणारी ठेवा, खालून वर उचलणारी नको. एका कोपऱ्याला तीन किंवा चार हात, आणि जितके पहिल्याला दिले तितकेच शेवटच्याला. जपाची माळ ओढताना मणी मोजतो तसे मोजा. पाचव्या फ्रेटला चार आणि सहाव्याला नऊ असे झाले तर टोके वेगवेगळी दिसतात आणि हातालाही वेगवेगळी लागतात.

हे मी तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या, म्हणजे घोडी घासून तारेला गुंजारव आणणाऱ्या, एका वृद्ध कारागिराकडून शिकलो, गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून नाही. मिरजेला काही महिने त्यांच्या शेजारी बसायला मिळाले. ते घोडीवर कानशीचा एक हात द्यायचे, तार चढवून ऐकायचे, मग दुसरा. कधी अर्धा तास नुसते ऐकणेच चालायचे. मी घाई केली की माझ्या हातातली कानस काढून घ्यायचे आणि काही न बोलता चहा मागवायचे. जवारीत एक हात जास्त झाला तर तंबोरा आंधळा होतो, त्याचा गुंजारव जातो. फ्रेटचे टोक तेवढे नाजूक नाही, पण सवय तीच ठेवावी: दोन हात, कापूस, पुन्हा दोन हात.

कापूस कुठेच अडकत नाही असे झाले की कोपऱ्यांवरून 600 आणि मग 1000 चा पेपर बोटाच्या पेरावर गुंडाळून फिरवा. लोकरीसारखी बारीक पोलादी तार काही जण शेवटी वापरतात. ती छान चमक देते, पण नेक गिटारला जोडलेली असेल तर मी ती वापरत नाही, तिचे तुकडे पिकअपमध्ये जातात. ज्या कडेचा लॅकर कापला होता तिथे चपडा लाखेचे स्पिरिट पॉलिश बारीक ब्रशने दोनदा लावा, म्हणजे उघडे लाकूड पुन्हा भराभर ओलावा सोडणार नाही.

तेलाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण लोक हमखास लावतात म्हणून लिहितो. खोबरेल किंवा मोहरीचे तेल पट्टीला लावू नका. ते लाकडात चिकट होऊन बसते, खवट वास येतो, धूळ धरते आणि फ्रेटची खाच तेलकट झाली की पुढे सुपरग्लू धरत नाही. रोझवूडला खनिज तेलाचे चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन पुसून काढले की वर्षभर पुरते. आणि तेलाने ओलावा परत येत नाही. तेल फक्त आतला ओलावा जाण्याचा वेग कमी करते. सुकलेल्या पट्टीला तेल पाजून टोचणे थांबेल असे कोणी सांगितले तर ते खरे नाही.

वेळ किती लागेल? मला अशा नेकला दीड तास लागतो. तुम्ही पहिल्यांदा करताना एक सबंध रविवार ठेवा आणि आधी कुठल्या तरी मोडक्या गिटारवर चार फ्रेट घासून हात बसवा. वडिलांच्या गिटारवर पहिला हात शिकू नका.

एकच गोष्ट लगेच करू नका: तारा चढवल्यावर ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळईला, हात लावू नका. तारा काही दिवस ताणलेल्या राहिल्याशिवाय आणि ओलावा स्थिर झाल्याशिवाय नेकचा बाक खरा कळत नाही. जुलैच्या मध्यावर, चार चांगले पाऊस झाल्यानंतर, पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मधे तारेखाली किती फट राहते ते पाहा आणि गरज असेल तर पाव फेरा द्या. केसमधली साबणाची डबी तोपर्यंत काढून ठेवा, पावसाळ्यात तिची गरज नाही. ती पुन्हा केसमध्ये ठेवायची वेळ फेब्रुवारीच्या शेवटी, होळीच्या आधी येते. आणि तीन आठवड्यांनी कापूस फिरवलात की नक्की कळवा, किती टोके उरली आणि ती पातीची आहेत की कोपऱ्यांची. त्यावरून पुढचे नेमके सांगता येईल.